चौदा नंबरपर्यंतचा रंग

मी, नॉरिस सग्डेन, वय एकोणऐंशी, धंदा दारं-खिडक्या आणि पाट्या रंगवण्याचा, सध्या निवृत्त, राहणार बावीस, टेंटर लेन, थॉर्नबेक, यॉर्कशर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी गेल्या मंगळवारी तसं लिहून दिलं आहे. माझी थोरली बहीण मेव्हिस हिचं मत वेगळं आहे, पण तिचं मत १९५३ पासून, म्हणजे राणीच्या राज्याभिषेकापासून, वेगळंच आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. याआधी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यातलं दुसरं मी रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच करतो आहे, पण विचार करून.

वकील मिस ओल्डरॉइड म्हणाल्या, "मिस्टर सग्डेन, कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा. कारणं लिहायची नसतात." मी म्हणालो, "बाई, कारणं नसतील तर मग ही नुसती सामानाची यादी झाली." त्यांनी आणखी कागद पुढे सरकवले. म्हणून कारणं लिहितो.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शबाना मिर्झा यांनी करावी. मार्केट स्ट्रीटवर त्यांचं पाट्यांचं दुकान आहे. या गावात हातानं सरळ रेघ ओढू शकणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. माझे खारीच्या केसांचे सगळे ब्रश, हात टेकवायची काठी, सोन्याच्या वर्खाची वही आणि दोन्ही शिड्या त्यांना द्याव्यात. छोट्या शिडीची तिसरी पायरी डुगडुगते, ते त्यांना ठाऊक आहे.

२. मागच्या शेडमध्ये भिंतीला टेकून एक निळं दार उभं आहे. ते गावच्या वाचनालयाला, जुन्या थॉर्नबेकच्या दालनासाठी द्यावं. दाराशेजारी पुढला मजकूर लावावा. लांबतो आहे, पण कापू नये.

मी पंधराव्या वर्षी नगरपालिकेच्या रंगखात्यात लागलो. गावात राजघराण्यातलं कुणी येणार असलं की आमचं काम वाढायचं. पाहुण्यांची गाडी जिथून जाणार तिथलं सगळं रंगवायचं. कठडे, दिव्यांचे खांब, एकदा तर कोळशाच्या वखारीचं फाटकसुद्धा. १९८१ च्या जूनमध्ये राजघराण्यातल्या एक बाई इस्पितळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला यायच्या होत्या. गाडी पुलावरून बार्ज स्ट्रीटमध्ये शिरणार आणि चौदा नंबरच्या घरापाशी डावीकडे वळणार. बार्ज स्ट्रीटवरची सगळी घरं नगरपालिकेची. आमचे मुकादम मिस्टर क्लेग हातात नकाशा घेऊन आले.

"चौदा नंबरपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढचं गाडीतून दिसत नाही."

"पुढच्याच घरात, सोळा नंबरला, माझी आई राहते, मिस्टर क्लेग. तीन वर्षं अर्ज करते आहे. खिडकीची चौकट बोटानं दाबली तर पाणी सुटतं."

"तुझी आई गाडीतून दिसते का?"

"नाही."

"झालं तर मग."

मी चौदापर्यंत रंग दिला. दोन हात, चकचकीत निळा. चौदाच्या भिंतीवर रंगाची कड अशी सरळ संपत होती, जशी केकवर सुरी फिरवावी. त्या कडेच्या पलीकडे माझी आई.

रविवारी सकाळी डब्यात उरलेला निळा घेऊन मी आईचं दार रंगवलं. आई पायरीवर चहा घेऊन बसली होती. म्हणाली, "अरे, नुसतं दारच? शेजारी खिडकी नागडी दिसेल." म्हणून भेगांत लांबी भरून खिडकीही केली. आत भिंतीला ओल तशीच होती, तिला रंग चालत नाही.

आई राणीभक्त. ठेवणीतला कोट घालून सकाळी नऊपासून रस्त्यावर उभी, मेव्हिस शेजारी झेंडा घेऊन. पाऊस लागला. सव्वा वाजता गाडी आली, चौदापाशी वळली आणि गेली. आईला काचेआड हलणारा एक हातमोजा दिसला. आणि त्या गर्दीत मेव्हिस, अभिमानानं, निव्वळ भावाच्या अभिमानानं, क्लेगना म्हणाली, "बघा ना मिस्टर क्लेग, आमच्या नॉरिसनं आईचं दारसुद्धा किती सुरेख रंगवलंय!"

सोमवारी मला कामावरून काढलं. कारण, नगरपालिकेच्या मालाची चोरी. अर्धा डबा निळा.

मी आईकडे जाऊन आदळआपट केली. ती म्हणाली, "गाडीतल्या त्या बाईंना काय ठाऊक, पोरा?"

"तेच तर! त्यांना काही ठाऊक होऊ नये म्हणूनच मी वीस वर्षं रंग लावत आलो!"

पुढच्या फेब्रुवारीत आई छातीच्या दुखण्यानं गेली. राजघराण्यानं तिला मारलं असं मी म्हणत नाही. ओलीनं मारलं. पण ओल झाकायला नगरपालिकेकडे रंग होता, ओल काढायला माणूस नव्हता. क्लेगना त्याच वर्षी राणीच्या नावाचं पदक मिळालं, 'गावाच्या सुशोभनासाठी'. पुढे बार्ज स्ट्रीट पाडला, तेव्हा मी हे दार खांद्यावर घालून आणलं.

वाचनालयात येणाऱ्यांनी हे दार बघून त्या पाहुण्यांना शिव्या देऊ नयेत. त्या बाई वाईट होत्या की चांगल्या, मला कळायला मार्गच नव्हता, आणि माझं रडगाणं तेच आहे. ज्यांना आपण निवडत नाही, ज्यांना आपण काढू शकत नाही, त्यांच्यासमोर सगळं गाव तोंड रंगवून उभं राहतं.

३. क्लेग यांच्या वारसांना काही नाही.

४. थॉर्नबेक ब्रास बँडच्या अध्यक्षानं गळ्यात घालायची मानाची साखळी माझ्या कपाटात नाही, मेव्हिसच्या कपाटात आहे, आणि ती तिचीही नाही. ती या मृत्युपत्रात येऊच शकत नाही. हे मुद्दाम लिहितो.

२००९ ते २०१२ मी बँडचा निवडून आलेला अध्यक्ष होतो. या अध्यक्षाला काडीचाही अधिकार नसतो. कोणती धून वाजवायची ते बँडमास्तर ठरवतो, खर्चाचं समिती बघते. अध्यक्षानं फीत कापायची, बक्षिसं द्यायची, कुणी वारलं तर घरी जायचं. मेव्हिसला मी नेहमी सांगायचो, देशाला एवढंच हवं आहे. कारभार पंतप्रधान करतोच आहे. वर बसायला, हात हलवायला, दुःखात चार शब्द बोलायला एक माणूस हवा. तो आपण निवडू, आणि मुदत संपली की घरी पाठवू.

"म्हणजे कुणीतरी रिटायर झालेला मंत्री!" ती म्हणायची. "सुटलेल्या पोटाचा, लाल नाकाचा. ख्रिसमसला राणीऐवजी त्याचं भाषण ऐकायचं मी? राणीच्या बाबतीत निदान भांडण तरी नाही."

"मंत्री नको असेल तर दुसऱ्याला मत दे. राणीला कशी पाडशील?"

"राणीला पाडायचं कशाला?"

"हे बघ! हेच!"

"हेच काय? तुझं डोकं!"

मग २०१२ च्या निवडणुकीत ती बाई माझ्याविरुद्ध उभी राहिली. म्हणाली, "तुला फीत कापता येत नाही, नॉरिस. तू भाषण ठोकतोस, आणि तोवर सँडविच वाळतात." एकतीस विरुद्ध सत्तावीस. मी हरलो. बँडच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत साखळी माझ्या गळ्यातून काढली आणि तिच्या गळ्यात घातली. झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण जगबुडी झाली नाही. त्या शनिवारी बँड वाजला. आणि खरं ते खरं, आजारी वादकांच्या घरी सूप घेऊन जाण्याचं मला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, ते तिनं पहिल्याच महिन्यात केलं.

मी तिला म्हणालो, "बघ, माझं म्हणणं सिद्ध झालं. वाईट गेला, बरी आली, आणि कुणाचं रक्त सांडलं नाही."

"म्हणजे हरलास तरी तूच जिंकलास?"

"हो."

"मेल्या!"

माझी सगळी शिल्लक बँडला. वाद्यं घ्यावीत, गणवेश नकोत.

५. जिन्याखाली एक फलक आहे. 'आम्हाला विचारलं का?' एवढीच तीन शब्दांची तक्रार, लाल अक्षरं, सोनेरी सावली. चार दिवस खपून केलेली. २०२३ च्या मे महिन्यात, नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, मार्केट चौकात मोठ्या पडद्यापुढे मी तो धरून उभा होतो. ओरडलो नाही. लोकांना पडदा दिसावा म्हणून कडेला उभा राहिलो होतो. एक पोलीस आला. "आजोबा, लोकांना त्रास होईल." मी विचारलं, "कुणाला झाला?" तो म्हणाला, "अजून नाही." अजून न झालेल्या त्रासासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला गाडीत घालून नेलं आणि पाच तास कोंडलं. बुटांच्या नाड्या काढून घेतल्या. माझ्या स्वतःच्या गावात, जिथल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या आहेत, त्या पोलीस ठाण्याचीसुद्धा!

दुपारी बाहेर आवाज ऐकला. मेव्हिस. डोक्यावर कागदाचा मुकुट, चौकातून तशीच आलेली.

"सार्जंट, माझा भाऊ मूर्ख आहे," ती सांगत होती. "जन्मापासून आहे. त्याचं एक अक्षर मला पटत नाही. पण माणसानं चुकीचं बोलू नये असा कायदा कधी झाला, ते दाखवा मला. दाखवा! नाहीतर मी इथंच बसते, आणि मला मधुमेह आहे."

अर्ध्या तासात सोडलं. खटला भरलाच नाही. बाकावर बसून तिनं मला अंड्याचं सँडविच दिलं आणि फलक उलटसुलट करून बघितला. "अक्षरं मात्र झकास काढलीयस," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही वाद घातला नाही. फलक तिला द्यावा. तिनं तो जाळला तरी माझी हरकत नाही.

६. बावीस, टेंटर लेन हे राहतं घर, परसासह, मेव्हिस हिला द्यावं. ती एकसष्ट वर्षं भाड्याच्या घरात राहते आहे. दुसऱ्या मृत्युपत्रात मी अट घातली होती, की या घरात राजाराणीचं एकही चित्र, कप किंवा बशी येता कामा नये. मी तिला तसं सांगितलं. तिनं पेला खाली ठेवला.

"म्हणजे मेल्यावरही तू माझ्या भिंतींवर राज्य करणार?"

तिनं दुसरा घाव घातला. "आणि भाऊ म्हणून, रक्ताचा म्हणून घर मला देतोस ना? मग राणीनं मुलाला मुकुट दिला तर बिघडलं कुठं?"

याचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. घर विटांचं असतं, म्हणून देता येतं. मेव्हिस या घरात राहायला आली म्हणून टेंटर लेनच्या लोकांना तिच्यापुढे वाकावं लागणार नाही, तिच्या नावानं शपथ घ्यावी लागणार नाही, तिच्या खिडकीतून दिसेल तेवढाच रस्ता रंगवावा लागणार नाही. मुकुटाबरोबर माणसं दिली जातात. माणसं वारशात द्यायची नसतात. हे मी तिला सांगितलं. तिनं बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "हं." एकोणऐंशी वर्षांत तिच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी कबुली.

पहिल्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही, कारण तिचंच बरोबर होतं. अट रद्द. भिंतींवर तिला हवं ते टांगावं.

७. प्रेत जाळावं. पाद्री नको. बँडनं काय वाजवायचं ते बँडमास्तरनं ठरवावं. मेव्हिसनं कालच जाहीर केलं आहे, की शेवटी ती राजाचं राष्ट्रगीत म्हणणार, आणि मला अडवायचं तर अडवून दाखवावं. तिला कुणी अडवू नये. सगळी कडवी म्हणू द्यावीत. लोकांनी वाटलं तर उभं राहावं.

मी राहणार नाही.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांच्या समोर वाचून, समजून, त्यावर सही केली. त्या दोघांनाही यातून स्वतःसाठी काही मिळणार नाही. मेव्हिसची साक्षीदार होण्याची फार इच्छा होती, पण कायद्याला ते चालत नाही. दाराबाहेर उभी राहून तिनं सगळं ऐकलं आहे.

सही: नॉरिस सग्डेन

साक्षीदार:
१. ग्लॅडिस थ्रॉप, निवृत्त परिचारिका, चोवीस, टेंटर लेन
२. डेरिक ऑल्ट, ट्रॉम्बोनवादक, थॉर्नबेक ब्रास बँड

ठिकाण: थॉर्नबेक
तारीख: १४ ऑक्टोबर २०२४