हिरव्या काठाचा कागद

११ जून १९९२, गुरुवार
चूक झाली असं म्हणायची सोय नाही. चूक दुपारी दोनपर्यंतच होती. त्यानंतर खोटेपणा.

फोटो दुपारी बाराला आला. कच्च्या रस्त्यावर तीन प्रेतं, चेहरे झाकलेले. फोटोच्या पाठीवर फक्त तारीख – मंगळवार, ९ जून. संपादक वुकोता म्हणाला, "आपली सर्ब माणसं आहेत. मुसलमानांनी कापलीत. झणझणीत ओळ दे, विदोये!" दिली. वीस वर्षं मी हेच करतो – फोटोंखालच्या ओळी आणि कोण वारलं ते कळवणारे, खांबावर लावायचे मयताचे कागद. लिहिलं: 'मंगळवार, ९ जून. आपल्या निरपराध गावकऱ्यांचं शिरकाण.'

दोन वाजता भिंग घेऊन फोटोची कड तपासत होतो. मधल्या बाईच्या स्वेटरची बटणं दिसली. पाच गोल, वरून दुसरं चौकोनी. ते बटण आमच्या घरातलं! देसांकाने, माझ्या बायकोने, जुन्या कोटाचं काढून समोरच्या झेय्नाला दिलं होतं. झेय्ना मुसलमान. रविवारी बहिणीला आणायला तिच्या गावी गेली, ती आलेलीच नाही. त्या रस्त्यावर आठवडाभर पहारा आमच्याच सर्ब पोरांचा आहे. मारलं कोणी, हे बघायला भिंग लागत नाही.

वुकोताला सांगायला उठलो. तो फोनवर हसत होता. परत बसलो. पान छापायला गेलं.

१२ जून
पावाच्या रांगेत अंक हातोहात फिरत होता. "बघा काय केलं तुर्कांनी आपल्या बायांचं!" तुर्क, म्हणजे इथले मुसलमान. एक म्हातारी माझी ओळ वाचून ढसाढसा रडली. बेकरीवाल्याने मला रांगेतून पुढे घेतलं – "याला आधी द्या, खरं लिहितो हा!"
गेलो पुढे. पाव घेतला. खाल्लाही.

१३ जून
राजधानीच्या टीव्हीवर तोच फोटो. शब्द माझेच, फक्त तारीख गाळलेली. देसांका म्हणाली, "अहो, ते बटण –" मी टीव्ही बंद केला.

१५ जून
हमदिया आला. झेय्नाचा नवरा. बावीस वर्षं सकाळची पहिली कॉफी एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस आमच्याकडे. आज पाळी आमची. मला वाटलं नाही येणार – हल्ली 'त्यांच्याशी' जे बोलतात त्यांची नावं लिहून घेतात म्हणे. तो मागच्या दाराने आला.

"काय शेजारी, पेपरात काम करतोस. काही कानावर?"
"नाही हो."
"तुमचा पेपर मी हल्ली घेत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय."

हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं! लाज वाटायला हवी होती. ती मागाहून वाटली, जेवताना.

१६ जून
आज पाळी त्यांची, तरी तोच आला. तेच विचारलं. तेच सांगितलं.

१८ जून
हमदियाच्या खिडक्या फोडल्या. दगड मारणारे ओरडत होते, "आमच्या बायांचा बदला!" पडद्याआडून सगळं पाहिलं. झेय्नाच्या मरणाचा सूड झेय्नाच्याच खिडक्यांवर! आणि त्या पोरांच्या हाती दगड दिला माझ्या एका ओळीने.
नंतर प्लास्टिकचा कागद घेऊन गेलो. दोघांनी मिळून चौकटींना ठोकला. खिळे तो धरत होता, हातोडी माझ्याकडे. "जपून," म्हणाला, "बोटावर मारशील स्वतःच्या."

२१ जून, रविवार
आज सांगायचंच असं ठरवून बसलो होतो. कॉफी ओतली. तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "मयताचे कागद तूच छापतोस ना रे? आमचा हिरवा काठ अजून मिळतो का?"

आमच्या रस्त्यावरच्या खांबावर सगळेच कागद लागायचे – आमचा काळा काठ, वर क्रूस. त्यांचा हिरवा, वर चंद्रकोर. जाता-येता माणसं थांबायची, दोन्ही वाचायची, हळहळायची. एप्रिलमध्ये वुकोताने हिरवा काठ बंद केला.

"हिरवी शाई संपली हो," मी म्हणालो.
"शाई!" तो हसला. बराच वेळ हसत होता. मग खोकला. देसांका उठून आत गेली.
विचारायला हवं होतं, हिरवा काठ कोणासाठी. नाही विचारलं.

२२ जून
काही नाही. भित्रा, भित्रा, भित्रा.

२४ जून
हुकमाचा कागद लागलाय: उद्या बस आहेत. मुसलमानांनी माणशी एक पिशवी घेऊन शाळेपाशी यायचं. परत येण्याबद्दल कागदावर काही नाही. हमदिया झेय्नाचं कॉफीचं तांब्याचं भांडं देऊन गेला. "तुमच्याकडे राहू दे. मी एकटा किती करणार कॉफी?"

दारात थांबला. माझ्याकडे बघत राहिला – पोराने गृहपाठ केला नसला की मास्तर बघतात तसा. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्याने.
"शेजारी, मला सांगायचं काही राहिलंय का?"
"सांभाळून जा," मी म्हणालो.
"बरं."

देसांका स्वयंपाकघरात रडली. मला आत येऊ दिलं नाही.

२५ जून
बस सातला गेल्या. आमच्या दारासमोरच्या खांबावर कागद. चित्रकलेच्या वहीचं पान, रंगीत पेन्सिलीने हिरवा काठ, नीट पट्टी लावून. वर चंद्रकोर. झेय्नाचं नाव. मृत्यू: ९ जून.
नऊ जून! ती तारीख माझ्या ओळीखेरीज कुठेच नव्हती. म्हणजे त्याने अंक घेतला होता. पहिल्याच दिवशी. बटण ओळखलं होतं. तरी रोज येऊन बसत होता – मी सांगेन म्हणून.
खाली, शोकाकुल: पती हमदिया. मुलगी सेनादा. शेजारी विदोये आणि देसांका.
मी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. खळ अजून ओली होती.
फाडला.