बापानं तोंड बघायचं नाय

१० फेब्रुवारी १९६४
दुपारी गिरणीचा पट्टा चढवत होतो. पाचोडच्या गाडीचा कंडक्टर दारात येऊन म्हणला, "पोरगा झाला. काल सकाळी. दोघं ठीक हायेत." अन् गेला चहाला.
गिरणी बंद केली नाय, रांग होती. एका बाईची ज्वारी दुसरीच्या बाजरीवर पडली. बाई भांडली नाय, हसली. पेढे समोरच्या करीमभाई दर्जीनं वाटले. मी कशाला.
सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं पोर. पहिली बायको असती तर... असो.
उद्या पहिल्या गाडीनं पाचोड, बायकोच्या माहेरी.

११ फेब्रु.
गेलो नाय. तांबडं फुटायला श्रीपती दारात. गयाचा धाकटा भाऊ, तिथंच शाळेत मास्तर. चोवीस वर्षाचा.
"दाजी, येऊ नका."
पोरगं मूळ नक्षत्रावर आलंय म्हणं. पहिला चरण. बापाला जड. सत्तावीस दिवस बापानं तोंड बघायचं नाय. मग भटजी बोलवून नक्षत्राची शांत करायची, आधी तेलात बघायचं, मग पोराकडं.
मी इचारलं, "तू बघितलंस?"
"मी मामा. मामाला काय नाय."
"घेतलंस?"
"व्हय. लई हलकं हाय." हात पुढं करून दाखवलं केवढं ते.
रिकामे हात. मी त्याकडंच बघत राह्यलो. चहा पिऊन गेला.

१४ फेब्रु.
करीमभाई कपडा कापता कापता: "मियाँ, सब देख लिये, तुमीच नै देखे? हमारे में तो बाप को पैले बुलाते. कान में अजान देना पडता."
म्हणलं, तुमच्यात तुमचं.
त्याला पाच पोरं. पाचींच्या कानात हा बोललाय. दिवसभर त्याच्या मशिनीचा आवाज सोसवला नाय.

१७ फेब्रु.
श्रीपतीचं कार्ड. माझी शाळा चौथीपर्यंत अन् ती बी उर्दूत, निजामाच्या वेळची. जोडाक्षरं अडतात. पण ह्याचं अक्षर छापल्यासारखं, सगळं वाचता आलं. नसतं आलं तर बरं.
"बाळ माझं बोट मुठीत धरून झोपतं. आई म्हणते कान माझ्यावर गेलेत."
कार्ड डब्याखाली टाकलं. दळण संपल्यावर परत काढलं. बोटाची ओळ दोनदा वाचली.

२० फेब्रु.
कंडक्टर आज म्हणतो, "मी बी बघून आलो. पाणी प्यायला थांबलो तर आजीनं आणून दाखवलं. जावळ लई."
म्हणजे कंडक्टरनं बघितलं. सुईण, शेजारपाजार, दूध घालणारा, सगळ्यांनी. गल्लीतलं कुत्रं बी बघून आलं असंल.
त्याला म्हणलं, मला जावळ-बिवळ सांगू नको. मग तो गप बसला तर मीच इचारलं, कसलं जावळ. काळं का भुरं.

२३ फेब्रु.
गेलो. कुणाला न कळवता. बाजरीचं पीठ घेतलं सोबत, निमित्त पाह्यजे.
सासूबाईंनी ओट्यावरच अडवलं. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठ्या, पण पदर सावरून असं बोलतात जसं मी शाळेतलं पोर. "पाव्हणं, तेरा दिस राह्यलेत. एवढं कळंना व्हय?"
म्हणलं, बघायला नाय आलो. पीठ द्यायला आलो.
खोलीच्या दाराला घोंगडी टांगलेली. आतून पोरगं रडलं. पहिल्यांदा आवाज ऐकला. चिडका, घाई असलेला. माझाच.
सासूबाई कावऱ्याबावऱ्या. ऐकायला बी बंदी हाय का, हे भटजीला इचारलंच नव्हतं.
मी म्हणलं, "बघायचं नाय म्हणले. घ्यायचं नाय असं कुठं म्हणले?"
आतून गया म्हणली, "डोळे बांधा त्यांचे."
श्रीपती हसला. "आंधळी कोशिंबीर करता व्हय, दाजी?" मी खाली बसलो, तोंड भिंतीकडं. घोंगडी बाजूला झाल्याचं कळलं. गयानं मागून पंचा बांधला, दोन गाठी. त्या बी दोनदा चाचपून बघितल्या.
मग मांडीवर दिलं.
तीन किलोच्या आतबाहेर. हाताला कळतं, रोज दळण तोलतो. ओव्याच्या धुरीचा वास, खाली दुधाचा. टाळू भाकरीसारखी गरम. एवढं कळलं तोवर पोरगं किंचाळाय लागलं. मी हलवलं. जास्तच. काय बोलावं ते सुचंना, "ए... ए..." एवढंच निघालं तोंडातून.
"द्या इकडं," श्रीपती म्हणला.
दिलं. गप झालं. एका दमात.
पंचा नाकापाशी सैल होता. मान खाली केली असती तर हनुवटी दिसली असती. नाय केली.

२४ फेब्रु.
काल लिवलं नाय ते.
निघताना घोंगडीच्या अलीकडून गयाला इचारलं, "हे सोंग तुझ्या भावाचं ना?"
म्हणली, "त्यो तर नकोच म्हणत होता. मास्तर हाय त्यो. मीच भटजीकडं धाडला, मीच तुमच्याकडं धाडला. आठ वर्षं वाट बघितली. मला पोरगं बी पाह्यजे अन् तुम्ही बी."
मला यातलं काय पटत नाय. जड असंल तर मला असंल, माझं मी बघून घेईन. पण असं कुणी माझ्यासाठी भ्यालेलं आठवत नाय.
आता राग कुणावर काढायचा. श्रीपतीचा तर काय दोष नाय. त्याचाच जास्त राग येतो.

२ मार्च
जात्याला टाकी लावली, दगड गुळगुळीत झाला होता. घर झाडलं, पीठ जिथं तिथं. पाळणा टांगायला कडी ठोकली. करीमभाईनं झबलं शिवलंय, पैसे घेईना. माप कुठनं घेतलं इचारलं तर म्हणतो कंडक्टरला इचारलं.

७ मार्च
शांत झाली. भटजीनं तीन तास घेतले. धुरानं डोळे चुरचुरले.
काशाच्या वाटीत तेल. मी पूर्वेला तोंड करून. सासूबाई पोराला घेऊन माझ्या खांद्यामागं. तेलात आधी मीच दिसलो, मिशी पार पांढरी. मग बाजूला एक काळं डोकं आलं, एक डोळा मिटलेला. वाटी हलली, गेलं. भटजी म्हणला, "दिसलं?" म्हणलं, दिसलं. मग वळलो अन् नीट बघितलं.
लाल. नाक माझं. कान खरंच त्यांच्यातले.
पोरगं माझ्याकडं बघत नव्हतं. श्रीपती जिकडं जाईल तिकडं मान.
घेतलं. रडलं. मी दिलं नाय. सासूबाई म्हणल्या द्या, तरी दिलं नाय. निळं पडाय लागलं तेव्हा गयानं काढून घेतलं अन् भावाकडं दिलं. माझ्यासमोर.
जेवताना इचारलं, कधी न्यायचं. सासूबाई: "पाडवा होऊ द्या."
श्रीपती: "राहू द्या की दाजी. तिथं गिरणीची धूळ."
"त्याच धुळीत तुझी बहीण आठ वर्षं राह्यली."
 गया लंगोट घडी करत बसली. वाटलं होतं ती काय तरी म्हणंल. शेवटच्या गाडीनं परत. एकटाच.

११ मार्च
कार्ड नाय. कंडक्टरला इचारलं नाय. त्यानंच सांगितलं, मामानं खुळखुळा आणलाय.

१४ मार्च
कार्ड. अक्षर श्रीपतीचं, बोलणं गयाचं. माझ्या बायकोनं मला सांगायचं ते बी ह्याच्या हातातनं यायचं.
"या गाडीनं येऊन त्या गाडीनं जाऊ नका. इथं राहा. त्याला तुमचा आवाज, वास कळू द्या. नुसतं उचलून कसं येईल ते? तुमच्याकडं गप राह्यला की त्याच दिवशी मी निघते. आईचं मी बघते."
खाली बारीक अक्षरात श्रीपतीचं स्वतःचं: "दाजी, तेवढे दिवस मी शाळेत झोपायला जातो."
म्हणजे जागा बी त्यानंच करून द्यायची. चांगलं पोरगं हाय. म्हणूनच सोसत नाय.
सासरी एक रात्र राह्यलेलो नाय आजवर. लोक काय म्हणतील ते म्हणतील. पण तिथं राहून बी पोरगं रडतच राह्यलं तर? मग काय तोंडानं परत यायचं.

१५ मार्च
गाडीत बसून लिवतोय, अक्षर हलतंय.
सकाळी गिऱ्हाइकांना डबे परत दिले. बाया कुरकुरल्या. एक म्हणली, "दळणवाला बाळंतीण झाला काय?" हसू दे.
दाराच्या फळीवर खडूनं लिवलं, गिरणी बंद. करीमभाई रस्ता ओलांडून आला. "कब तक, वो भी लिखो ना. लोगां मेरेको पूछेंगे."
खडू धरून उभा राह्यलो. दोन दिवस लिवावं का आठ. गाडीची वेळ झाली, खडू त्याच्याच हातात दिला अन् निघालो.