मालतीवहिनींच्या दाराचा ठराव

सेरंगून, सिंगापूर
१७ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रास प्रकाशकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. पर्थला थंडी असेल, जप. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी बातमी: जिंकलो! तुझ्या आईला, मालतीवहिनींना, दाराबाहेर कवड्यांचं तोरण लावायची परवानगी काल कॉन्डोच्या कमिटीनं दिली. एकमतानं!

तोरण ही नुसती शोभा, असंच मी समजत होतो. दाराबाहेर काही लावायचं नाही, या नियमापायी ते उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कुलपात किल्ली खरखरली. तीस वर्षं जहाजांची इंजिनं ऐकलेला माणूस मी. किल्ली परकी आहे, लगेच कळलं. दार उघडलं तर वहिनी.

"भावोजी, माझं दार कुठं गेलं हो?"

नजर गेल्यापासून त्या भिंतीला हात लावत यायच्या, कवड्या लागल्या की थांबायच्या. त्या दिवसानंतर त्या बाहेरच पडल्या नाहीत. तू त्यांना तिकडे न्यायचं म्हणालीस, ते उगाच नाही.

सभेत कमिटीतले मिस्टर लिम त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाले, "आज एक दार, उद्या चाळीस दारं, लाह!"

मी अध्यक्षाची खुर्ची सोडून उभा राहिलो. म्हटलं, हा नियम कशासाठी? आग लागली तर वाट मोकळी हवी म्हणून. दाराला चिकटलेलं तोरण कुणाची वाट अडवतं? शेजारीण म्हणून सूट दिली तर ती मेहेरबानी. दिसत नाही म्हणून दिली, आणि तशा प्रत्येकाला दिली, तर त्यात नियमाचीच अब्रू राहते. तसं लिहून ठेवू या.

लिमनी हळूच विचारलं, "माझ्या आईलाही दिसत नाही. तिच्या दाराला घंटी चालेल?"

"कॅन!" मीही त्यांच्याच ढंगात म्हटलं, चालेल की!

पहिला हात त्यांचाच वर गेला.

आज सकाळी वहिनी एकट्या खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या. मला चहाला बोलावलं आणि कप पुढे करत म्हणाल्या, "तिकीट काढू नकोस, हे क्षिप्राला मी सांगते. नोटिशीचं मात्र तुमचं तुम्ही सांगायचं."

तेव्हा सांगतो. 'कॉन्डोच्या ऑफिसवाल्यांनी तोरण काढायला लावलं' असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. खोटं होतं ते. नोटीस मीच काढली, वहिनींना एका शब्दानं न विचारता. तू चिडून म्हणालीस, 'काका, तुम्ही शेजारी असून?' तेव्हाही मी नियमावरच बोट ठेवलं.

हवं तेवढं रागावून घे. पण फोनवर.

तुझ्या आईचा चुकलेला, आणि आज छाती फुगलेला शेजारी,
प्रकाशकाका