नसेतले खडे

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

द्राक्षबागेच्या फवारणी पंपांचे पितळी नोझल, सुनंदाचा शेवेचा सोऱ्या, घराच्या दाराची कडी, आणि ज्या लेथवर हे सगळं केलं त्या लेथचेही निम्मे भाग. सगळं माझ्या हातचं. शिकवलं कोणी नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा स्कॅन दाखवला. डोळ्याची नस जिथे सुरू होते तिथे आत खडे साचलेत, चुन्याचे असावेत तसे. मी विचारलं, "किती मायक्रॉनचे?" त्या हसल्या. "काका, हे खरवडून काढता येत नाहीत. औषधही नाही. कडेची नजर किती जातेय, एवढंच बघत राहायचं."

ते बघायला दुसरं यंत्र. ठिपका दिसला की बटण दाबायचं. ठिपका साधारण कधी येतो ते माझ्या लक्षात आलं, मग न दिसताही दाबत गेलो. कशासाठी? यंत्राने पकडलंच. "काका, ही काय परीक्षा आहे का? पुन्हा करा."

पुन्हा केलं, खरं खरं. डाव्या डोळ्याच्या कडेला बटण गप्पच राहिलं. लेथचा चक, काम घट्ट धरून गरगर फिरणारा, माझ्या डाव्या हातालाच असतो.

रिक्षात सुनंदा म्हणाली, "अहो, आता पुरे ते वर्कशॉप." वर्कशॉप सोडून दिवसभर घरात मी कोण म्हणून बसू?

तिला इंदिरानगरला घरी सोडून अंबडला वर्कशॉपवर गेलो, तर शेजारच्या गाळ्याचे पगारे वाट बघत होते. डोळ्यांचं त्यांना काही माहीत नाही. माझा गाळा मशीनसकट मागत होते, पंचेचाळीस लाखांना. मी नाही म्हणालो.