खराट्यातला एक हीर

आबा,

काल माणगावच्या बाहेर मातीच्या ट्रॅकवर आपली जीप पहिली आली. आपली म्हणतेय खरी, पण जीप म्हसळ्याच्या एका नर्सची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात असेल. दवाखान्यातल्या पगारातून तिने ती जुनी उघडी जीप घेतली आणि सुट्टीच्या दिवशी पळवते. गाडी तयार करायचं काम माझ्या गॅरेजचं. आणि पहिली म्हणजे कशी, तर दुसऱ्या नंबरची जीप शेवटच्या वळणावर होती तेव्हा आमची रेषा ओलांडून उभी राहिली होती आणि आमची नर्सबाई खाली उतरून पाणी पीत होती. हे थोडं वाढवून सांगतेय. थोडंच.

तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, जमीन कशी होती? तर ऐका. जांभ्याची लाल माती, रोलर फिरवलेली, सकाळी टँकरने भिजवलेली. सकाळच्या फेरीत ती माती मऊ होती, चाक तिच्यात रुतायचं आणि गाडी म्हणाल तशी वळायची. पण दिवसभर चाकं फिरली, ऊन चढलं, वरची भुरभुरीत माती उडून कडेला गेली, आणि दुपारपर्यंत खाली जे उरलं ते सारवलेल्या अंगणासारखं गुळगुळीत. वरून कोरडं दिसतं, पण पाय ठेवला की सरकतो. दुपारच्या फेरीत दुसऱ्याच वळणावर आमच्या जीपने मागचं अंग असं फेकलं की तोंड आलो त्या वाटेकडे झालं. बांधावर बसलेले लोक पोट धरून हसले. उंटावरून शेळ्या हाकणारे इथेही कमी नाहीत, एकाने तर तिथूनच ब्रेक कधी मारायचा ते ओरडून शिकवलं.

आणि मी काय केलं? गाडी मागून घसरते, म्हणजे मागून ढिली आहे, म्हणजे बांधून काढली पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरचा कुठलाही मिस्त्री हेच करेल. मासळीचा बर्फ वाढला, पाटा वाढव. रेती वाढली, पाटा वाढव. गाडीचं काहीही दुखो, मागच्या चाकावरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक लोखंडी पाटा जास्त घालणं हे आपल्याकडचं रामबाण औषध. जीपला दोन्ही बाजूंना आधीच एकेक जादा पाटा होता, मी आणखी एकेक चढवला. पुढच्या फेरीत ती पहिल्याच वळणावर फिरली. कशीबशी सहावी येऊन शेवटच्या फेरीत बसली, तेही दोन गाड्या बंद पडल्या म्हणून.

नर्सबाई उतरली, हेल्मेट काढलं आणि माझ्याशेजारी बसली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, घरी सांगितलंय, या वर्षी कप न्हाय आला तर जीप विकायची. मी हो म्हटलंय." मग हेल्मेटची पट्टी गुंडाळत, "माझंच चुकत असेल ना? पाय जड पडतोय." तिचा पाय चांगला हलका आहे, हे मला माहीत होतं. चुकत होतं ते माझं, आणि नेमकं काय तेच कळत नव्हतं.

मी उठून वळणावर गेले आणि जमिनीला हात लावला. आणि आबा, हात लावल्याबरोबर मला बंदराचा उतार आठवला.

मी एकोणीस वर्षांची आहे. बोर्लीच्या आपल्या गॅरेजात तुम्ही नाही, सामान आणायला म्हसळ्याला गेला आहात. मासळीवाली मावशी तिची जीप घेऊन येते आणि म्हणते, "दोन पाटे वाढव गो, बर्फ लई न्यायचाय." मी वाढवते. एकटीने, जॅक लावून, बोटं सोलून घेऊन. संध्याकाळी तुम्हाला दाखवायचं म्हणून हात धुतसुद्धा नाही. पण तुम्हाला उशीर होतो, आणि सकाळी ती जीप रिकामी बंदरावर उतरते. त्या उतारावर रोज मासळीचं पाणी गळून गळून लाल माती बुळबुळीत, चकचकीत झालेली असते. जीप मागून सरकते आणि वखारीच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळते. माणसाला लागलं नाही, गडगा पडला. मावशी गाडी ओढत आपल्या दारात आणते, आणि तुम्ही तिच्यासमोर, रस्त्यावरच्या चार माणसांसमोर मला ते पाटे काढायला लावता.

"ओझं बघून सगळेच पाटा घालतात," तुम्ही म्हणालात, "रस्ता कोण बघतो? गाडी वाकली पायजे. वाकली की चाक जमीन धरतंय. तू तिची काठी केलीस." आणि मग मावशीकडे वळून, "किती सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी." मावशी हसली. मी पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडवत होते आणि मनात एकच होतं, माझ्या जागी मुलगा असता तर तुम्ही असं चारचौघांत बोलला असतात का? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. चार महिन्यांनी माणगावला कामाला लागले ते त्याच रागात. लोकांना सांगायचे, तिकडे पगार बरा आहे.

त्याच दिवशीचं स्वयंपाकघर. मी भिंतीकडे तोंड करून, तुमच्याकडे पाठ करून जेवायला बसले आहे. तुम्ही माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढता, मी तो बाजूला सारते. मग तुम्ही दारामागचा खराटा घेता, त्यातला नारळाच्या पातीचा एक हीर उपसता आणि फरशीवर दाबता. तो वाकतो, अर्धाअधिक फरशीला चिकटून बसतो, सरकवला तरी सरकत नाही. मग पाच हीर एकत्र धरून दाबता. ते वाकत नाहीत. नुसती टोकं फरशीवर टेकतात आणि सर्रकन निसटतात. तुम्ही विचारता, "बघितलंस?" मी म्हणते, "न्हाय." तुम्ही हीर परत खराट्यात खोचता आणि हात धुता. त्यानंतर आपण तो विषय काढला नाही.

तर काल मी ट्रॅकवरून परत आले आणि नर्सबाईला म्हटलं, "जॅक आण. पाटे काढायचेत. चारही." शेवटच्या फेरीला दीड तास होता. ती माझ्याकडे बघतच राहिली, पण लगेच जीपखाली शिरली. शेजारी पुण्याच्या गॅरेजचा तंबू होता. त्यांचा मिस्त्री कमरेवर हात ठेवून आला आणि म्हणाला, "बाई, या निसरड्यावर पाटे काढताय? गाडी वळणात झोपेल की." मी म्हटलं, "झोपू दे. उठवायला आम्ही आहोत." आणि पाना उचलला. पाटे काढले, जादा चाक काढून मागच्या टोकाला बांधलं म्हणजे वजन मागच्या चाकांवर बसेल, टायरची हवा थोडी कमी केली. आणि तिला सांगितलं, वळणाच्या आधीच पाय काढ, गाडी कलंडल्यासारखी वाटेल, घाबरू नको, तिला कलू दे, मग पाय दे.

पहिल्या वळणावर जीप अशी कलली की बांधावरचे लोक उठून उभे राहिले. आणि मागची चाकं तिथेच बसली, आबा. चिकटून. पुण्याची गाडी तिच्या पुढे होती, ताठ, दिमाखदार, आणि प्रत्येक वळणावर तिचं मागचं अंग बाहेर निसटत होतं, तेवढ्यात आमची आतून एकेक हात पुढे सरकत होती. तिसऱ्या चकरीत तिने ती गाडी गाठली आणि चौथीत मागे टाकली. शेवटच्या चकरीत मी ओरडतच होते. माझा आवाज अजून बसलेलाच आहे. सुपारीएवढा कप आहे, पण तो हातात घेऊन नर्सबाई रडली, मीही रडले. घरी फोन करून तिने एवढंच सांगितलं, "जीप विकायची न्हाय." पुण्याचा मिस्त्री जाताना थांबला, जीपच्या मागे वाकून पाटे मोजले आणि मगच गेला. तो क्षण मला कपापेक्षा जास्त आवडला.

बक्षीस देताना संयोजकांनी माइकवर विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, माझी, आणि माझं नाव सांगितलं. नर्सबाईने टाळ्या वाजवल्या, लोकांनीही वाजवल्या. तुमचं नाव तोंडावर आलं होतं, पण त्या माइकवर एका बाईचं नाव ऐकायला मला फार बरं वाटलं. पुन्हा विचारलं तरी बहुतेक माझंच सांगेन. शिकवलंत तुम्ही, पण काल पाटे काढायचं ठरवलं ते मी.

हे पत्र कुठे टाकायचं? काढलेल्या पाट्यांतला एक गॅरेजात खिळ्याला टांगलाय, त्याच्या मागे खोचून ठेवीन. तिथे कुणी हात घालत नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी भिंतीच्या फळीवर घासलेली स्टीलची परात उभी होती, माझ्या अगदी तोंडासमोर. तिच्यात तुमचे हात दिसत होते, हीर दिसत होता, तो फरशीला कसा चिकटला तेही दिसत होतं. तुम्ही विचारलंत आणि मी न्हाय म्हटलं.

मी बघत होते, आबा. सगळं बघितलं होतं.