दुपारचा भोंगा

रस्त्याचा कॅम्प, कुरुमजवळ
ता. १९ जानेवारी १९६४, रविवार

तीर्थरूप मामींना देवमनचा सविनय जयभीम.

मी इथं खुशाल आहे. तुमची आणि शेळीची खुशाली कळवावी. पत्र खुशालराव पोस्टमनच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही रामराम. खुशालराव, तुम्ही पत्र वाचताना कीर्तनाला उभं राहिल्यासारखा हेल काढता. आज तेवढं करू नका. आणि मामी मध्येच उठून शेळीकडे गेल्या तर त्या परत येईपर्यंत थांबा.

मामी, तुमचं कार्ड मिळालं. “जावयाले सांगा, सासू अजून जिती हाय,” एवढीच ओळ. वाचून आधी हसलो, मग कार्ड घडी करून खिशात ठेवलं. दोन महिने झाले, मी बोरगावला आलो नाही. तुमच्या लेकीला, गंगूला, जाऊन चार वर्षं झाली, त्यात महिन्याची फेरी कधी चुकवली नव्हती. काम फार आहे हे खरं, पण रविवारी काम बंद असतं हेही खरं. तुमच्या पुढ्यात जेवायला बसलो की माझ्या तोंडावरून तुम्हाला सगळं कळतं. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि तुमच्या हो-नाहीवर माझं घर अडलं आहे. तोंडानं विचारायची छाती झाली नाही म्हणून कागद घेतला. विचारणारच आहे. आधी इथलं थोडं ऐका.

नाल्यावरची जुनी मोरी फोडून मोठी करायचं काम माझ्या गँगकडे आहे. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्या अर्ध्यावरून अमरावती-अकोल्याच्या गाड्या जातात. खड्ड्यात माणसं काम करतात आणि त्यांच्या डोक्याजवळून चाकं फिरतात. म्हणून दोन्हीकडे लाल झेंड्या असतात, दिवेलागणीला आणि धुक्यात लाल कंदील लागतात. एवढं करूनही एखादा गाडीवाला दामटत आला तर भोंगा. चीनच्या लढाईच्या वेळी आलेल्या भोंग्यांपैकी हा एक. ओव्हरसियर साहेबांनी तो आम्हाला आणून दिला. दांडा धरून हातानं गरगर फिरवायचा. फिरवणाऱ्याचा खांदा दुखतो आणि ऐकणाऱ्याचे कान बसतात. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी शेताकडे पळायचं, असं पहिल्या दिवशीच मी गँगला बजावलं होतं.

कंदील आणि भोंगा एका बाईकडे आहेत. पंचफुला तिचं नाव, माहेर अंजनगावकडचं, आपल्यातलीच. नवरा गेला तेव्हा सासूनं दार लावून घेतलं. मग ती रस्त्याच्या कामावर आली. बोलणं थोडं, पण बोलली की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते. तुमच्यासारखी, असं लिहिणार होतो, पण खोडतो.

मामी, इथली संध्याकाळ एकदा तुम्हाला दाखवायला हवी. पंचफुला राखेनं काचा पुसते, वाती कापते आणि एकेक कंदील बांबूला टांगत जाते. दोन्ही बाजूंना कापूस, वर धूर धरल्यासारखं आभाळ, आणि त्या मधल्या काळ्या रस्त्यावर लाल उजेड पुढंपुढं सरकतो. रस्ता जमिनीवरून बोटभर वर उचलला आहे आणि आपण त्याच्यासोबत कुठंतरी वाहत चाललो आहोत असं मला वाटतं. येणाऱ्या गाड्याही तिथं आल्या की पाय न वाजवता चालतात. गंगू गेल्यापासून मी अर्धा झोपेतच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणाला होता, “जावई जेवते, पण त्याले चव समजत नाई.” त्या संध्याकाळच्या वेळी मात्र झोपेत असूनही बरं वाटायचं. मी काम संपल्यावरही तिथंच गिट्टीच्या ढिगावर बसून राहायचो. कंदील मोजतो असं लोकांना सांगायचो.

आता भोंग्याची गंमत सांगतो. गंजू नये म्हणून तो रोज एकदा फिरवून पाहावा, असा साहेबांचा हुकूम. शेजारच्या शेतात किसनरावांचा कापूस आहे. तिथं वेचणीला येणाऱ्या बायांची पुढारीण इंदूबाई एक दिवस पंचफुलेकडे आली. म्हणाली, “बाई, तुले रोज फिरवाचाच हाय तं मंधानी फिरव ना. आमचा मालक सूर्य कलला तरी जेवाले सोडत नाई. म्हन्ते, अजून दुपार झालीच नाई.”

पंचफुलेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कोणाचं काय जातं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी भोंगा वाजू लागला. बाया ओटीतला कापूस खाली टाकून बांधावर बसायच्या. माझी गँग घमेली ठेवून भाकर सोडायची. आठवडाभरात ही सवय चारी बाजूंना पसरली. गाडीवाटेनं जाणारे बैलदेखील आवाज आला की थांबू लागले. किसनराव रागानं आले खरे, पण भूक त्यांनाही होतीच. इंदूबाईनं चटणी-भाकर पुढं केली, ते बसले आणि राग तिथंच राहिला. तो आवाज कपाशीवरून लांब जायचा, कुठंतरी वळायचा आणि पातळ होऊन परत यायचा. मला त्या आवाजात डुलकी लागायची. एकदा त्या डुलकीत गंगू दिसली. माझ्याकडे पाठ करून कापूस वेचत होती. मी हाक मारली तर म्हणाली, “थांबा, एवढी ओळ होऊ द्या.” तिनं वळून पाहिलं नाही. जागा झालो तेव्हा पंचफुला समोर पाण्याचा गडवा घेऊन उभी होती.

खुशालराव, इथं जरा थांबा. मामींना पाणी द्या आणि पुढचं हळू वाचा.

गेल्या मंगळवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं आणि धुई उठायचं नाव घेत नव्हती. सूर्य दिसला नाही, त्यामुळे वेळेचा कोणालाच पत्ता नव्हता. कंदील दिवसाही लावून ठेवले होते. मी मोरीच्या खड्ड्यात, अमरावतीकडे पाठ करून, दगड बसवून घेत होतो. इतक्यात भोंगा वाजला. आज दुपार लवकर झाली, असं मनात आलं आणि आनंद झाला. का आनंद झाला ते आता लपवत नाही. दुपारी पंचफुला आमच्यासोबत जेवायला बसायची.

सगळ्यांनी हात झटकले. कोणी पळालं नाही. मी तिथंच खड्ड्यात, दगडावर, भाकरीचं फडकं सोडलं. भोंगा थांबेना. माझ्या शेजारचा नत्थुजी म्हणाला, “आज बाईले लई भूक लागली दिस्ते.” आम्ही हसलो. मामी, ते हसणं अजून माझ्या कानातून जात नाही.

कापसानं भरलेला एक ट्रक कंदील ओलांडून, झेंडी ओलांडून सरळ आमच्यावर येत होता. ड्रायव्हरला झापड आली होती. पंचफुलेनं पाहिलं, की ती भोंगा फिरवते आहे आणि आम्ही भाकरी सोडतो आहोत. तिनं दांडा टाकला, बांबूचा कंदील ओढून घेतला आणि ट्रकच्या समोर रस्त्यात जाऊन उभी राहिली. भोंग्याचा आवाज आपोआप खाली खाली येत होता, तेव्हा मी मागं वळलो. धुक्यात तो लाल कंदील हलत होता आणि त्याच्यामागं ट्रकचं तोंड होतं. मला उठताच येईना. स्वप्नात पाय उचलत नाहीत, तसं झालं.

ट्रक ऐनवेळी वळला आणि मुरमाच्या ढिगात घुसला. दोर तुटले. सगळा कापूस रस्त्यावर आला, हवेत उडाला, आणि त्यात पंचफुला दिसेनाशी झाली. कुठंच आवाज नव्हता. मी त्या कापसात हातानं शोधत होतो आणि ओरडत होतो, “पंचफुला, पंचफुला.” आजवर मी तिला “बाई” सोडून दुसरी हाक मारली नव्हती. सगळ्या गँगनं ऐकलं. किसनरावांच्या शेतातल्या बायांनी ऐकलं. मला कसलीच लाज वाटली नाही, फक्त ती सापडावी एवढंच वाटत होतं.

ती कापसातून उठून बसली. केस पांढरे, कोपर सोललेलं. ड्रायव्हरच्या कपाळाला खोक पडली. बाकी कोणाला काही झालं नाही. तिनं आधी माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते अजून माझ्या मुठीतच होतं.

“म्या जीव तोडून भोंगा फिरवून राहिली अन् तुमी भाकर सोडून बसले? काहून पळाले नाई?”

मी म्हणालो, “आमाले वाटलं, जेवाची वेळ झाली.”

ती रडायला लागली. मीही. चार वर्षांनी मला रडू आलं आणि तेही इतक्या लोकांसमोर. इंदूबाई म्हणाली, “मिस्त्री, आता कापूस गोळा करा. बाकीचं तं आमाले समजलं.”

दुसऱ्याच दिवशी दुपारचा भोंगा बंद केला. आता निंबाला रुळाचा तुकडा टांगला आहे, जेवायला तो बडवतो. भोंगा रोज सकाळी, कामाच्या आधी, सगळ्यांना बाजूला उभं करून फिरवतो आणि वाजला की सगळ्यांनी पळून दाखवायचं. म्हातारा नत्थुजी सगळ्यांत पुढं पळतो. किसनरावांच्या बायाही आता रुळाच्या आवाजावर जेवतात, म्हणजे त्यांचं नुकसान झालं नाही.

आता ती गोष्ट.

परवा दिवेलागणीला मी पंचफुलेला विचारलं, की माझ्या घरी येशील का. ती वात कापत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, “तुमच्या मामीले इचारलं काय?”

मी म्हणालो, “मामी माझी सासू आहे. गंगूची आई.”

“म्हनूनच म्हन्तो. तिले एकच पोरगी होती, ते गेली. आता म्या जावई बी नेला तं त्या माउलीपाशी काय राह्यते? म्या एका सासूच्या दारातून उठून आली. दुसरीच्या दारातून तुमाले उठवनार नाई. तिचा हो आला तं येतो. नाई आला तं तुमी मिस्त्री अन् म्या बाई, कंदील रोजच्यावानी लागतीन.”

मामी, मला ती हवी आहे. हे सरळ लिहितो, कारण आडवळणानं लिहून पाहिलं आणि त्यात पानं संपली. पण तुम्हीही हव्या आहात. माझी आई मला आठवत नाही. तापात गंगूचं डोकं तुमच्या मांडीवर होतं आणि ती गेल्यावर तुम्ही आधी मला जवळ घेतलं, मग तिच्यासाठी रडलात. ती रात्र संपल्यावर तुम्ही चूल पेटवून मला चहा दिला होता. त्या चुलीपासून मला तोडू नका.

तुम्ही नाही म्हणालात तर मी येत्या रविवारी येईन, पूर्वीसारखा जेवेन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. रागावणारही नाही. तुमची पोर होती, तुमचा हक्क आहे. हो म्हणालात तर लग्न बोरगावलाच, तुमच्या अंगणात, पंचशील म्हणून. मुलाकडून उभं राहायला मला कोणी नाही. तुम्ही उभ्या राहाल का? पंचफुला म्हणते, मंग माह्याकडून बी त्याच उभ्या राह्यतीन तं चालते.

आजवर मी प्रत्येक पत्राखाली “तुमचा जावई” असं लिहीत आलो. आज तिथं येऊन हात अडला. ते नातं गंगूनं दिलेलं होतं आणि पुढचं देणं तुमच्या हातात आहे. म्हणून जागा कोरी सोडली आहे. तुम्ही सांगाल तो शब्द खुशालराव तिथं लिहितील आणि हाच कागद मला परत पाठवतील. जुनाच शब्द सांगितलात तरी तो मी डोक्याला लावीन.

तुमचा

. . . . . . . . . .

देवमन