दोन्हीकडचं बटण

२ ऑक्टोबर, रविवार

"मीच करणार." सकाळपासून बाबांचं हे एकच वाक्य. कॉफी पिताना, कुंपण बघताना, जेवताना. मीच करणार, मीच करणार! शेवटी मी काटा ताटात आपटला. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

काल नालबंद येऊन गेला. पेर्लाचे पुढचे दोन्ही खूर गेलेत म्हणाला. दात तर केव्हाच गेले. सत्तावीस वर्षांची घोडी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. "हा हिवाळा ती काढायची नाही, आणि तुम्हीही तिला काढायला लावू नका," म्हणाला. म्हणजे बर्फ पडायच्या आत.

आमच्या डोंगरात रीत अशी, की ज्यानं जनावर वाढवलं त्याच्या घरच्यानंच गोळी घालायची. शेजाऱ्याला बोलावणं म्हणजे लाज. डॉक्टरची सुई म्हणजे त्याहून वाईट — औषध अंगात राहतं, आणि मेलेल्या जनावरावर बसणारे गरुड मरतात. हे सगळं मला मान्य आहे. पण बाबांचे हात! दोन वर्षं झाली, कपातली अर्धी कॉफी टेबलावर असते. कागदांवर सह्या मी करतो.

आणि यावर त्यांनी काढलेला तोडगा — पिस्तुलाच्या नळीखाली बसवायचा छोटा दिवा आणायचा, लेझरवाला. "तबेल्यात अंधार असतो. दिव्यानं ती दिसेल, ठिपक्यानं जागा दिसेल. झालं." आणि तो निवडायचा मी! "तुला बारीकसारीक बघायची सवय आहे, लिओन. तूच बघ." अट एकच. बटण दोन्ही बाजूंनी दाबता आलं पाहिजे.

का, म्हणून विचारलं.

"सांगितलं तेवढं कर."

कळलं मला. उजवा हात जास्त थरथरतो, म्हणून डाव्यानं मारायचा बेत आहे. वेडेपणा!

हे पान दुसऱ्यांदा लिहितो आहे. डाव्या हाताखाली शाई पुसली गेली, पहिलं फाडलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

दीड तास गाडी हाकून तालुक्याच्या गावी गेलो. डेलचं बंदुकांचं दुकान. वही बरोबर नेली होती, तीच चूक झाली.

डेलने सहा दिवे काचेवर मांडले. मी एकेक घेऊन लांबी मोजली, वजन लिहिलं. आमचं पिस्तूल आखूड. त्यातले दोन दिवे नळीच्याही पुढे येतात. एकाची बॅटरी बदलायची तर दिवा काढावा लागतो — म्हणजे दर वेळी ठिपका हलणार, दर वेळी पुन्हा जुळवा! असला दिवा बनवतं कोण?

"अरे, मुलगी बघायला आलायस की दिवा?" डेल म्हणाला. "गाऊन दाखव म्हणशील आता तिला."

मागे टोपीवाला एक जण उभा होता, तो फिदीफिदी हसला. "हिरवा घे की. हिरवा भारी दिसतो."

"भारी दिसायला नकोय मला."

"मग काय हवंय?"

काय सांगू त्याला? बापाचा हात थरथरतो, आणि त्याला एका गोळीत काम संपवायचंय — हे सांगू? त्या टोपीला?

डेलला बटणाचं विचारलं, तर म्हणे, "तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. बटण दोन्हीकडचं पाहिजे, हे तीनदा बजावलं. बाकी कशाचं काही नाही बघ म्हातारबाला."

म्हणजे माझ्यावर सोपवायचं आणि मागून फोनही करायचा! हात हलवत परत आलो. गाडीत एकटाच ओरडलो.

५ ऑक्टोबर, बुधवार

हिरवा लेझर थंडीत मंद होतो. लाल उन्हात दिसत नाही. तबेल्यात ऊन नसतं. लाल.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

डॉमिनिकचा फोन. माझा थोरला भाऊ. शहरात घर, शहरात बायको, तोंडात शहरातलं शहाणपण.

"काय मास्तर! ऐकलं ते खरं का? एक घोडी, एक गोळी, आणि तुझी सात पानं टिपणं?"

पानं नऊ झाली होती.

"डॉक्टरला बोलाव आणि मोकळा हो. बाबांचं काय ऐकतोस?"

मोकळा हो! हे पिस्तूल यानेच दोन वर्षांपूर्वी नाताळला पाठवलं — टपालाने नव्हे, चुलत्याच्या हाती, कारण स्वतः यायला वेळ नाही. त्याला पेर्लावर बसायला बाबांनी शिकवलं. मलाही. पण मी दहावीत शाळा सोडली, मेंढ्या व्यायच्या वेळेला माणूस नव्हतं म्हणून, आणि हा मला मास्तर म्हणतो! मी म्हटलं, "तू येऊन कर." तर म्हणे, "अरे, या महिन्यात जमायचं नाही रे."

फोन आपटायची सोय राहिली नाही हल्ली. नुसतं बोटाने बंद करायचा. त्यात काही समाधान नाही.

८ ऑक्टोबर, शनिवार

घेतला. सहापैकी तिसरा. लांबी नळीइतकीच. बॅटरी बाजूने निघते, दिवा हलत नाही. लाल ठिपका. बटणं दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. अंगठा सहज पोचतो.

घरी आल्यावर लक्षात आलं — आता पिस्तूल कमरेच्या चामडी होल्स्टरमध्ये बसत नाही! आईने जायच्या आधी बाबांना वाढदिवसाला दिलेलं, त्यांच्या नावाची अक्षरं कोरलेलं होल्स्टर. हे मी मोजलंच नव्हतं. नऊ पानं लिहिली आणि हे नाही.

बाबांनी पाहिलं. खिशातला चाकू काढला आणि खालची शिवण सरळ उसवून टाकली. मीच रडकुंडीला आलो.

९ ऑक्टोबर, रविवार

"जिथे ठिपका, तिथे गोळी." डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय. साफ खोटं!

दिवा नळीच्या खाली बसतो. म्हणून ठिपक्याची वाट वेगळी, गोळीची वेगळी. तबेल्यामागच्या मातीच्या बांधाला पुठ्ठा लावून वीस फुटांवर दोन्ही एका जागी आणले, बारीक स्क्रूने, एकेक पीळ देत. मग दोन फुटांवरून मारून पाहिली. गोळी ठिपक्याच्या वर लागली. चांगली दोन बोटं वर! म्हणजे जवळून मारताना ठिपका दोन बोटं खाली धरायचा. नाही धरला तर — नको ते लिहायला.

बाबांना पुठ्ठा दाखवला. "हं," म्हणाले. एवढंच. हं!

मग पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, आणि त्यांच्या हातात दिलं. तबेल्याच्या भिंतीवर धरा म्हटलं.

ठिपका भिंतभर हिंडला. खुंटीवरून खोगिरावर, खोगिरावरून खिडकीच्या चौकटीवर. बाटलीत सापडलेल्या माशीसारखा. त्यांनी डावा हात खाली लावला. तरी तेच. आजवर आम्ही दोघंही ते हात पाहून न पाहिल्यासारखे वागत आलो. आता ते लाल शाईत भिंतीवर होतं, आणि ती शाई मीच विकत आणलेली.

"बॅटरी उतरली असेल," ते म्हणाले.

"नवी आहे."

काय गरज होती बोलायची? काय गरज होती!

११ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांनीच हाक मारली. "यंत्रात खोट आहे का ते बघू. तू धर."

धरलं. मी — जो कुलूप तीनदा ओढून बघतो, ज्याला दुकानदाराशी बोलताना घाम फुटतो. मला वाटलं भिंतीवर दोन माश्या होतील.

ठिपका खुंटीवर जाऊन बसला. बसूनच राहिला. मी मनात चाळीस मोजले.

बाबांनी त्या खुंटीकडे बघितलं. "यंत्र ठीक आहे," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

भले शाबास! आजारी माणसाला माझा हात स्थिर आहे हे दाखवून आलो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

वरच्या कड्यावर बर्फ. बाबांनी तीन दिवसांत पिस्तुलाला हात लावलेला नाही. सराव नको? मी ओरडलो. ते बीन्स निवडत बसले.

१५ ऑक्टोबर, शनिवार

मोठं भांडण.

मी सांगून टाकलं, सोमवारी डॉक्टरला फोन करतो. ते म्हणाले, "म्हणजे गरुडांना विष वाढतोस?" मी म्हटलं, पुरून टाकू. "जमीन तुझा बाप खणणार?" माझा बाप समोरच बसला होता. एरवी आम्ही दोघं हसलो असतो.

मग म्हणाले, "तुला काय कळतंय? तू आजवर कोंबडी नाही मारलीस. डोळे मिटून घेतोस."

आणि मी बोललो. सगळं बोललो. "तुमच्या हातानं तिला जबड्यात लागेल! ती अर्धी मेलेली उभी राहील, आणि तुम्ही दुसरी गोळी घालाल तीही चुकेल. आयुष्यभर तुम्हाला वाहिलं तिनं, आणि तुम्ही तिला असं मारणार, कारण चार लोक काय म्हणतील!"

मटणाचा रस्सा तसाच थंड झाला. ते उठून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माफी मागणार नाही. जे बोललो ते खरं आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरला फोन केला नाही. आकडे फिरवले, बंद केला. चार वेळा.

बाबा दुपारभर पेर्लाची आयाळ विंचरत होते. सफरचंद किसून दिलं, दात नाहीत म्हणून. निम्मं खाली सांडलं. मला म्हणाले, "उद्या सकाळी. तूही ये."

येतो म्हटलं. चुकलं तर कोणीतरी हवं. बॅटरी बदलली. स्क्रू तपासले. पुठ्ठ्यावर पुन्हा मोजलं. दोन बोटं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

तबेल्यात गेल्यावर बाबांनी पेर्लाच्या कपाळाला कपाळ लावलं. मग दोर सैल सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पिस्तूल माझ्या डाव्या, लिहायच्या हातात दिलं.

"तुझ्या अंगठ्याला पोचतं ना बटण? म्हणून तर दोन्हीकडचं सांगितलं. पहिल्याच दिवशी."

मी काहीतरी ओरडलो असेन. आठवत नाही. ते म्हणाले, "डोळे मिटू नकोस फक्त. बाकी तुला येतं."

दोन बोटं खाली. ठिपका हलला नाही. एकच गोळी.

सोळा दिवस फसवलं मला! विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं.